सात वाट्या, सात माश्या

सर तळ्यावर पोचले की पहिला पाऊण तास मासे पकडत नसत. पुढचे चार तासही ते मासे पकडत नसत, हे कळायला मला पाच शनिवार लागले.

पहिल्या पाऊण तासात ते खानेसुमारी करत. एका बांबूच्या काठीला चहाची गाळणी बांधलेली असे. ती पाण्याच्या अगदी वरच्या थरातून अलगद फिरवायची, गाळणीत आलेलं सगळं श्रीखंडाच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणात झटकायचं आणि चष्मा कपाळावर ढकलून त्यात नाक खुपसायचं. मेलेल्या मुंग्या, चिलटं, पंख भिजलेले पतंग. "आजचा मेनू," असं म्हणून ते झाकण माझ्यापुढे धरत. आजूबाजूचे डच लोक तेवढ्या वेळात दोन-दोन ट्राउट बाहेर काढून कॉफी प्यायला गेलेले असत.

मी एकदा घड्याळ दाखवलं. म्हणाले, "घाई असेल तर सुपरमार्केटला जा. तिथले मासे जागचे हलत नाहीत."

सर माझे शाळा-कॉलेजातले कोणी नव्हेत. नेदरलँड्समधल्या आम्हा मराठी लोकांत त्यांना सगळेच सर म्हणत. वाखनिंगनच्या शेतकी विद्यापीठात त्यांनी सगळी नोकरी किड्यांवर संशोधन करण्यात घालवली होती. टोमॅटोच्या काचघरांत औषध फवारण्याऐवजी सोडायच्या चिमुकल्या गांधीलमाश्या हा त्यांचा विषय. निवृत्त झाल्यावर ते खोट्या किड्यांकडे वळले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात. सगळे पुरीच्या रांगेत उभे आणि हे ट्यूबलाइटखाली खुर्चीवर उभे. कोणीतरी हाक मारली, "सर, जेवायला चला." सर वर बघतच म्हणाले, "थांबा हो, इथे चालू आहे जेवण." वर एक कोळी होता. कोळ्याचं आटोपेपर्यंत सरांचं ताट वाढलं गेलं नाही.

मी त्यांच्याकडे गेले ती डॉक्टरच्या सांगण्यावरून. फोरबर्गमधल्या आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, ब्लडप्रेशर मोजलं आणि सांगितलं, गोळी सुरू करण्याआधी सहा महिने काहीतरी छंद करून बघा. स्लोटरडाइकच्या ऑफिसात मी प्रोजेक्टं हाकते. यादी केल्याशिवाय मला काही सुरू करता येत नाही. मी अकरा छंदांची यादी केली, प्रत्येकाला पाच निकषांवर गुण दिले. फ्लाय फिशिंग पहिलं आलं. मोकळी हवा, उभं राहणं, दोन्ही हात गुंतलेले म्हणून फोन नाही, बोलावं लागत नाही, आणि शेवटी मासा. माझं माहेर देवगडचं. पाचव्या निकषाला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते.

मग दुसरी यादी केली, ड्राय फ्लायची. ड्राय फ्लाय म्हणजे हुकावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. ती बुडत नाही, पाण्यावर बसते, आणि ट्राउट तिला खरी समजून खालून वर येतो. अशा माश्या शेकड्यांनी मिळतात आणि नवशिक्याने त्यातली कोणती घ्यावी यावर इंटरनेटवर एकाचं एकाशी पटत नाही. माझ्या यादीत अठ्ठावन्न होत्या. महिन्याप्रमाणे रंग दिले होते. मी ती छापून सरांकडे नेली.

सरांनी ती शेवटपर्यंत वाचली. कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"छान आहे. यात मासा कुठे आहे?"

"सर, ही माश्यांची यादी आहे."

"तेच म्हणतोय. तुला काय आवडलं ते आहे, दुकानदाराला काय खपवायचंय ते आहे. गिऱ्हाईक काय खातं हा कॉलमच नाही."

मग त्यांनी आतून आपला माश्यांचा डबा आणला. तो मिसळणाचा डबा होता. स्टीलचा, गोल, आत सात वाट्या. मोहरी-हळदीच्या जागी माश्या. "हिचा," एवढंच म्हणाले. सरांच्या बाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. झाकण उघडल्याबरोबर हिंगाचा वास आला. तो जात नाही अशी त्यांची तक्रार होती, आणि त्यांनी तो घालवायचा कधी प्रयत्न केला असेल असं मला वाटत नाही.

"सात वाट्या, सात माश्या," सर म्हणाले. "आठवी हवीशी वाटली तर समज, पाणी नीट बघितलं नाहीस."

माश्यांना इंग्रजी नावं आहेत, पण सर ती वापरत नसत. सगळ्यांत बारीक, काळ्या दोऱ्याची होती ती 'काळं तीट'. फिकट, उभ्या पंखांची, अंग चोरून बसणारी ती 'नवी सून'. उतरत्या छपरासारख्या पंखांची 'छत्री'. 'हेड ऑफ डिपार्टमेंट' म्हणजे नुसता पिसारा, आत काही नाही. आणि 'मेहुणा': मोठा, केसाळ, एकदा बसला की कशानेही न हलणारा, न बुडणारा. उरलेल्या दोन वाट्यांची नावं छापण्यासारखी नाहीत. ती वाखनिंगनमधल्या त्यांच्या दोन सहकाऱ्यांवरून ठेवलेली होती.

पिसं ते विकत घेत नसत. कालव्याकाठी बदकांनी टाकलेली वेचून आणत. माशी तरंगावी म्हणून तिला लावायला दुकानात एक महागडं मलम मिळतं. सर खोबरेल लावत. "आपल्याकडे हे जमलं नसतं, पातळ होतं. इथे बारा महिने घट्ट. हॉलंडच्या हवेचा हा एकच उपयोग मला सापडला." तळ्यावर वारा आमच्याकडून वाहू लागला की पलीकडच्या काठावरचे लोक माना वळवून पाहत. खोबरेल आणि हिंग.

शिकवणं मात्र चोख होतं. मी तेव्हा वहीत लिहिलेलं आजही तसंच पाळते. माशी निवडताना आधी आकारमान, मग आकार, रंग सगळ्यांत शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, कारण दुकानात रंग आधी दिसतो. मासा खालून बघतो. त्याला आभाळापुढे काळी आकृती दिसते, तिच्या अंगावरची नक्षी नाही. शंका आली तर एक नंबर लहान घ्यायची. माशाच्या दोन झेपा चुकल्या तर माशी बदलायची नाही, आधी हात तपासायचा. आणि सगळ्याच्या आधी गाळणी.

तळं वाखनिंगनच्या पलीकडे, फेरीबोटीने नदी ओलांडली की सफरचंदांच्या बागांत आहे. खाजगी तळं. मालक त्यात ट्राउट सोडतो, लोक तिकीट काढून ते बाहेर काढतात. सर दर शनिवारी बाईंच्या सायकलवरून तिथे येत, दांडीला गळ बांधून. आसपास ड्राय फ्लायला वर येणारे ट्राउट त्यांच्या सायकलच्या टप्प्यात तेवढेच. "शनिवार नसेल तर आठवडा कुठून सुरू करायचा?" असं ते एकदाच म्हणाले, तेही गाळणीकडे बघत. त्यामुळे मालकाने त्यांना तळ्यावर यायची बंदी केली तेव्हा काय पणाला लागलं होतं ते मला समजत होतं. पण त्याआधी माझे पाच शनिवार सांगायला हवेत.

पहिल्याच शनिवारी सरांनी नियम घातला: पहिले सहा आठवडे माशी दोरीला ते बांधून देणार, मी गाठीला हात लावायचा नाही. मी फक्त खानेसुमारी करायची, वाटी निवडायची आणि फेकायचं. मी निवडत होते, मासे वर येत होते. पाणी फुटायचं, माशी नाहीशी व्हायची, मी झटका द्यायचे, आणि दोरी मोकळी परत यायची. दर वेळी. माझ्या वहीत पाच शनिवारांची बेरीज आहे: झेपा चौदा, मासे शून्य.

सर म्हणत, "निवड बरोबर होती." बस्स.

मी झटक्याचा सराव घरी सुरू केला. दिवाणखान्यात सोफ्याच्या उशीला दोरी बांधून. मुलगी दारातून "माम, डू नॉर्माल!", म्हणजे आई, जरा माणसासारखी वाग, म्हणून निघून गेली. नवरा तेवढा सुटसुटीत नाही. तो दर शनिवारी माशाच्या तिखल्याचं वाटण करून ठेवायचा आणि मी रिकाम्या हाताने आले की त्यात अंडी सोडायचा. "देवगडची ना तू?" हे तो पहिल्या शनिवारी बोलला. नंतर नुसती अंडी उकडायला लावताना शीळ घालायचा.

एक गोष्ट मात्र माझ्या अभिमानाची होती. बाकीच्या नवशिक्यांचे हुक स्वतःच्या टोपीत, जॅकेटात, एकदा तर कानात अडकताना मी पाहिले होते. माझा पाच आठवड्यांत एकदाही कशात अडकला नाही. हे मी अंगच्या कसबाखाती जमा केलं होतं.

पाचव्या शनिवारी सकाळी मोठी झेप आली. मी सोफ्याच्या उशीला देते तसा झटका दिला आणि माशी गेली. दोरी तुटून आली. माशी काळं तीट.

"सर, तुमची गाठ सुटली."

"माझी गाठ सुटत नाही."

"मग माशी कुठे गेली?"

"त्याने नेली."

मी वहीत लिहिलं: हरवलेल्या माश्या एक, कारण सरांची गाठ. सरांनी मान लांब करून वाचलं. "खोड ते." मी म्हटलं, माझ्या वहीत मी खोटं लिहीत नाही. त्यावर सर गाळणी घेऊन काठाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आले. त्यांच्या हिशेबाने तो मोठा राग होता.

मग त्यांनी दुसरी माशी बांधून दिली. वारा आला, दोरी उलटी फिरली आणि माशी माझ्या लोकरीच्या स्वेटरवर आपटून खाली पडली. लोकरीवरून. मी आदल्या आठवड्यात केलेला वाचायचा चष्मा खिशातून काढला आणि माशी बोटांत धरून पाहिली.

"सर, याला टोक नाही."

"नाही."

"मोडलं?"

"कापलं. बारीक पक्कडीने. सगळ्यांचंच कापतो."

"सगळ्यांचं?"

"मी शाकाहारी माणूस. मासा काढून करू काय?"

मी डब्याच्या सातही वाट्या पाहिल्या. एकाही हुकाला टोक नव्हतं. म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं तिकीट काढून, तासन्‌तास उभा राहून, मासा पकडता येणारच नाही अशी व्यवस्था करून येत होता. आणि मी देवगडची, पाच शनिवार त्याच्या शेजारी उभी.

"मग मी इथे करत काय होते, सर?"

"माशी निवडत होतीस. चौदा वेळा मासा फसला. टोक असतं तर पहिल्याच दिवशी एक लागला असता, तू त्याचा फोटो काढला असतास, घरी नेऊन खाल्ला असतास. शिकणं तिथेच संपलं असतं."

"माझ्या घरी चार शनिवार अंड्याचं तिखलं झालंय, आज पाचवं!"

"वाईट लागतं का?" सरांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं.

मी सामान आवरून निघाले. गाडीत बसून वहीत रागारागाने मुद्दे लिहिले, सहा. सहावा मुद्दा लिहिताना लक्षात आलं की चौदाही झेपांच्या वेळी वाटी मी स्वतः निवडली होती आणि एकदाही सरांना विचारलं नव्हतं. मी परत गेले. म्हटलं, पुढच्या शनिवारी मला टोकवाली माशी हवी. सर म्हणाले, "देतो. काड्यापेटीत ठेवल्यात थोड्या, परीक्षेसाठी."

पुढच्या शनिवारी पोचले तर मालक सरांच्या सायकलपाशी उभा. रबरी बूट, हातात कॉफी. तो सरांना 'प्रोफेसर' म्हणे आणि इतकी वर्षं त्यांना सोसत आला होता. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं की पकडलेला मासा परत सोडायला मनाई आहे. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं: मी काढतच नाही, तर सोडू कुठून?

"प्रोफेसर, मी स्पष्ट सांगतो," मालक म्हणाला. या देशात हे वाक्य आलं की पुढचं चांगलं नसतं. "तुमच्या प्लास्टिकच्या माश्यांनी माझे मासे शहाणे झालेत. तोंडात घेतात आणि थुंकतात. माझी गिऱ्हाइकं रिकामी जातायत, तक्रारी करतात. आज शेवटचं. पुढच्या शनिवारपासून येऊ नका."

"प्लास्टिक नाही," सर म्हणाले. "बदक आहे."

एवढंच बोलले. मग डब्याचं झाकण लावायला गेले आणि ते त्यांना लागेना. उलटंसुलटं फिरवत राहिले. मी डबा त्यांच्या हातातून घेतला.

आणि ऑफिसात जे करते ते केलं. मालकाला विचारलं, "तुमच्याकडे पुरावा काय?" तो म्हणाला, सगळे म्हणतात. मी म्हटलं, सगळे म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. मासे शहाणे झाले असतील तर ते सरांची माशी आता घेणार नाहीत. आज एक तास. माशी सरांची, पण टोकवाली. फेकणार मी, जिने अजून एकही मासा काढलेला नाही. लागला तर सर येत राहणार. नाही लागला तर आम्ही दोघंही जातो.

मालकाने कॉफी संपवली. "आणि लागलेला मासा घरी न्यायचा."

"त्याची काळजीच नको," मी म्हटलं.

सर मात्र सायकलमागे जाऊन उभे राहिले होते. मी गेले तेव्हा काड्यापेटी हातात होती, उघडलेली नव्हती.

"सत्तर वर्षांत मी अंडंसुद्धा फोडलेलं नाही," ते म्हणाले. "आता माझ्या शनिवारासाठी मासा मारायचा?"

"मारणार मी आहे, सर."

"निवड कोणाची?"

"तुम्ही निवडा."

"नाही. मी निवडली तर तो मी मारला असं होईल."

"आणि मी निवडली तर?"

त्यांनी थोडा विचार केला. "तर तू जेवलीस असं होईल." आणि काड्यापेटी माझ्या हातावर ठेवली.

मी गाळणी फिरवली. वारा बागेकडून येत होता. झाकणात एक मोठा तपकिरी पतंग आला, आणि मोजून एकवीस बारीक काळी चिलटं. माझा हात मेहुण्याकडे जात होता. तो लांबून दिसतो, बुडत नाही, आणि मालक पाठीशी उभा असताना दिसणारी वस्तू बरी वाटते. मी सरांकडे पाहिलं. सर सफरचंदाच्या झाडाकडे पाहत होते. पतंग एक, चिलटं एकवीस. मी काळं तीट घेतलं. चष्मा लावून गाठ पहिल्यांदाच स्वतः मारली.

पहिली पंचेचाळीस मिनिटं काही झालं नाही. माशी बदलावी असं मला चार वेळा वाटलं. चारही वेळा हात तपासला, आणि चारही वेळा दोष हातातच सापडला. पन्नासाव्या मिनिटाला पाणी फुटलं, मी उशीला देते त्याच्या निम्मा झटका दिला, आणि दोरीच्या टोकाला पहिल्यांदाच काहीतरी जिवंत होतं.

मासा काठावर येऊन, मी त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा मारून होईपर्यंत सर पाठ फिरवून उभे होते. मालक म्हणाला, "बरं. एक लागला. एखादा मूर्ख असतोच." म्हणजे त्याचं समाधान झालं नव्हतं. मी मासा साफ करायला घेतला तसे सर वळले. त्यांच्यातल्या किडेवाल्याने त्यांच्यातल्याच शाकाहाऱ्याला हरवलं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"पोट उघड," ते म्हणाले. "इथे. झाकणात."

झाकणात आलं ते असं: तळ्यात खाद्य म्हणून टाकतात त्या गोळ्या. पलीकडचे लोक आमिषाला लावतात ते चमकी घातलेलं गुलाबी पीठ. एक गोगलगाय. चिलटांचा काळा लगदा. आणि त्या लगद्यात, बोटभर दोरीसकट, टोक कापलेलं एक काळं तीट.

सरांनी ते चिमट्याने उचललं, उजेडात धरलं. माशीपाशी सरांची गाठ जशीच्या तशी होती. दोरी तुटली होती ती वरती, जिथे माझ्या वेड्यावाकड्या फेकण्याने तिला दुसरीच एक निरगाठ बसली होती.

मी मालकाला समजावून सांगितलं. गेल्या शनिवारी याच माशाने हीच माशी घेतली होती. थुंकली नव्हती, गिळली होती. आणि आज तीच पुन्हा घेतली.

मालक झाकणात वाकला. "दोनदा?"

"दोनदा."

तो मोठ्याने हसला. "मठ्ठ जनावर!"

"मठ्ठ नाही," सर एकदम म्हणाले. "माशी चांगली आहे."

त्यानंतर सर दोन उन्हाळे त्या तळ्यावर आले. मालकाच्या समाधानासाठी मी शेजारी उभी राहून दर शनिवारी एक मासा घरी न्यायचा, असं ठरलं. आता ते नाशिकला मुलीकडे असतात. डबा माझ्याकडे आहे. मीही त्यातला हिंगाचा वास घालवायच्या भानगडीत पडले नाही. ब्लडप्रेशरची गोळी मात्र सुरू झाली. डॉक्टर म्हणाली, हा छंद तुम्ही फार मन लावून केलात.

तो पहिला मासा लागला त्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवत असताना सरांचा फोन आला. फोन करणं त्यांना आवडत नसे.

"खाल्लास?"

"खातेय."

"कसा लागतो?"

सत्तर वर्षांच्या शाकाहाऱ्याने हा प्रश्न विचारल्यावर खोटं बोलणं बरं नव्हे. "पिठूळ आहे, सर. गोळ्यांची चव येते. अंड्याचं बरं होतं."

"वाटलंच," सर म्हणाले. मग विचारलं, "वहीतलं खोडलंस?"

मी ताट बाजूला सरकवून वही ओढली. 'कारण: सरांची गाठ' खोडलं आणि लिहिलं: 'कारण: माझा हात'. "खोडलं, सर."

"बरं." फोन ठेवतील असं वाटलं, पण पलीकडे काहीतरी चाललं होतं. वाटी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. "ती माशी मी धुतली," सर म्हणाले. "आठवडाभर पोटात होती. आता वाटीत पाण्यावर ठेवून बघतोय."

"मग?"

"अजून तरंगतेय."